हॅपी कोड: एका फ्रिजचं छत्तीस दिवसांचं प्रकरण

पार्श्वभूमी

२०२५चा गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला. दुसऱ्या दिवशी ईदची सुट्टी. पुण्यात नोकरी करणारा मुलगा दोन दिवसांसाठी जळगावला घरी आला होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक हाताशी आहे, तर आईला नवा फ्रिज घेऊन टाकू, असं त्याने ठरवलं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना इथे गुरुजी म्हणू, आणि आईला काकू. गाव तेवढं खरं ठेवलंय, कारण एप्रिलमधलं जळगाव काढून टाकलं तर हे प्रकरण कळणारच नाही. प्रकरण आमच्या ग्राहक सल्ला केंद्रात आलेलं, म्हणून ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. दुकानाचं आणि कंपनीचं नाव देत नाही.

खरेदी एका मोठ्या साखळी दुकानात झाली. दोन दारांचा, बर्फ न साचणारा फ्रिज, किंमत साधारण ३४ हजार. वर दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घेतली. पैसे मुलाच्या क्रेडिट कार्डावर, नऊ महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांत. घरातला एकोणीस वर्षांचा जुना फ्रिज एक्स्चेंजमध्ये द्यायचा, त्याचे दोन हजार वजा. बिल मुलाच्या नावावर, मोबाइल नंबर मुलाचा, पत्ता जळगावचा. या शेवटच्या वाक्यातल्या तीन गोष्टींनी पुढे बराच घोळ घातला.

मंगळवारी, १ एप्रिलला टेम्पो आला. नवा फ्रिज उतरला आणि त्याच टेम्पोत जुना चढला. तो रंग उडालेला होता, दाराला रबर बँड लावावा लागायचा, पण थंड करत होता.

काय बिघडलं

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस ‘डेमो’ देऊन गेला. वरच्या फ्रीझरमध्ये बर्फ छान झाला. खालचा कप्पा मात्र थंड होईना. गुरुवारी सकाळी दूध फाटलं. काकूंना वाटलं, दूधच तसं असेल. शुक्रवारी पुन्हा फाटलं.

यंत्राच्या दृष्टीने हे लक्षण नेहमीचं आहे. अशा फ्रिजमध्ये गारवा वर तयार होतो आणि पंख्याने एका वाटेने खाली ढकलला जातो. वर बर्फ होतोय आणि खाली कोमट आहे, म्हणजे गॅस आणि कॉम्प्रेसर बहुधा ठीक आहेत. हवा खाली येण्याच्या वाटेत काहीतरी अडलंय: पंखा, झडप, नाहीतर तिचा सेन्सर. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पण ते कुणीतरी कागदावर लिहावं लागतं, आणि या प्रकरणात तो कागद निघायला तीन आठवडे लागले.

घरात आणखी एक गोष्ट होती. काकूंना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. बाहेर पारा ४३वर गेलेला. खालचा कप्पा थंड होत नाही म्हणून फोनवर कुणीतरी सल्ला दिला, “मग वर ठेवा की.” काकूंनी दोन कार्ट्रिज फ्रीझरमध्ये ठेवली आणि ती गोठली. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नसतं. औषधाच्या दुकानदाराने ते सांगितलं म्हणून बरं. उरलेलं इन्सुलिन काकूंनी शेजारच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये ठेवलं. रोज दोनदा तिकडे जायचं आणि दर वेळी, “अगं, अजून दुरुस्त नाही झाला का?” हे ऐकायचं.

दुकान आणि कंपनी यांच्या मध्ये

शुक्रवारी, ४ एप्रिलला मुलाने पुण्याहून दुकानात फोन लावला. उत्तर मिळालं, “सर, आमचं काम विक्रीचं. सर्व्हिस कंपनी बघते. टोल फ्रीला टाका.” त्याने तिकडे तक्रार नोंदवली.

रविवारी, रामनवमीच्या दुपारी तंत्रज्ञ आला. त्याने दार उघडून हात आत घातला, बटण पाचावर नेलं आणि म्हणाला, “उन्हाळा आहे काका, एवढा टाइम लागतोच. सामान कमी ठेवा.” सामान म्हणजे एक पातेलं, अर्धी कोथिंबिरीची जुडी आणि लिंबं. जाता जाता त्याने चार आकडी कोड मागितला. तक्रार मिटली असं ग्राहकाने मान्य केल्याची ही खूण. कंपनीवाले तिला ‘हॅपी कोड’ म्हणतात. पण कोड आला होता पुण्याला, मुलाच्या मोबाइलवर. तंत्रज्ञाने त्यालाच फोन लावला: “सर, कोड द्या, नाहीतर माझा जॉब पेंडिंग पडतो.” मुलगा जेवायला बसला होता. त्याने कोड सांगितला.

हा या प्रकरणातला पहिला आणि सगळ्यात महाग निर्णय. तो निर्णय आहे हे घेताना कुणालाच कळलं नाही. ज्यांनी फ्रिज पाहिला त्यांच्याकडे कोड नव्हता, आणि ज्याच्याकडे कोड होता त्याने फ्रिज पाहिला नव्हता. कंपनीच्या नोंदीत ६ एप्रिलला ग्राहक समाधानी झाला. तंत्रज्ञालाही फार दोष देता येत नाही. अशी बरीच मुलं कंपनीची नोकर नसतात, एजन्सीकडे कामागणिक पैशांवर असतात, आणि जॉब बंद झाला नाही तर फटका त्यांनाच बसतो.

मंगळवारी गुरुजी स्वतः दुकानात गेले. बरोबर पाच रुपयांची वही, तीत तारीखवार नोंदी. शिक्षकाची सवय. मॅनेजर त्यांना सारखं ‘अंकल’ म्हणत होता, याचा त्यांना फ्रिजपेक्षा जास्त राग आला, असं मला नंतर जाणवलं. मॅनेजरने तीन गोष्टी सांगितल्या. बिल ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच यायला हवं. बदलून हवा असेल तर कंपनीचं ‘डीओए लेटर’ आणा, म्हणजे ‘डेड ऑन अरायव्हल’, माल घरी आला तेव्हाच मेलेला होता असा दाखला. आणि तो सात दिवसांत आणायचा असतो. बिलापासून मोजले तर सात दिवस रविवारीच संपलेले. माल घरी आला तिथून मोजले तर तो शेवटचा दिवस. मॅनेजरने बिलापासून मोजले.

कंपनीला डीओए लेटर मागितलं तर उत्तर आलं की ६ तारखेची तक्रार ‘सॉल्व्ह्ड’ दिसते आहे, नवी नोंदवा. १० एप्रिलला दुसरा तंत्रज्ञ आला. हा बरा होता. खालच्या कप्प्यात हवा सोडणारी झडप उघडत नाही हे त्याने दहा मिनिटांत ओळखलं. पण लेटर देण्याचा अधिकार त्याला नव्हता. त्याने पार्ट मागवला. “आठ-दहा दिवस धरा.”

पर्याय

गुरुजी आमच्या केंद्रात आले तो दिवस गुरुवार, १७ एप्रिल. ग्राहकांना मोफत सल्ला देणारं हे छोटं केंद्र आहे, आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही चारजण बसतो. वही वाचून झाल्यावर फोनवरून मुलालाही चर्चेत घेतलं. पुढे आलेले मार्ग असे होते.

पार्टची वाट पाहणं. दिसायला हा सगळ्यात सोपा रस्ता. पण नव्याकोऱ्या वस्तूत घरी आल्यापासून दोष असेल तर दुरुस्ती मान्य करणं म्हणजे बदलीचा मुद्दा हळूहळू सोडून देणं. पार्ट बसवू द्यायचा की नाही यावर आमच्यातच दुमत झालं. माझं मत होतं की अडवू नये, पण प्रत्येक भेटीचं जॉबशीट, म्हणजे तंत्रज्ञाने लिहिलेला कामाचा कागद, घ्यावं.

हप्ते थांबवणं. मुलगा याला उतावीळ झाला होता. आम्ही ठाम नाही म्हटलं. हप्ता हा बँकेचा आणि त्याचा व्यवहार, दुकानाचा त्यात संबंध नाही. हप्ता चुकला तर दुकानदाराच्या खिशाला काही होणार नाही. याच्या कार्डावर दंड चढेल आणि सिबिलला डाग लागेल.

ओळख लावणं. गुरुजींचा एक माजी विद्यार्थी पोलिसांत आहे. “त्याचा एक फोन पुरे आहे,” असं शेजारपाजारचे म्हणत होते. गुरुजींनी तो पर्याय आमच्यासमोर मांडलासुद्धा लाजत. मीही क्षणभर मोहात पडलो, खोटं कशाला बोलू. पण फोनने माल बदलून मिळाला तरी कागद काहीच उरत नाही, आणि बदललेला फ्रिज बिघडला तर पुन्हा फोन.

थेट ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. वस्तू तपासणीला पाठवावी लागली नाही तर तीन महिन्यांत आणि लागली तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून खूप जास्त वेळ लागतो. काकूंना फ्रिज आखाजीच्या आत हवा होता. अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, घरोघरी आमरस होतो. लेक आणि दोन नातवंडं येणार होती. आयोगाचा मार्ग दोन वर्षं खुला असतो, त्यामुळे तो हातचा राखून ठेवला.

उरला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, आणि लेखी नोटीस. दोन्ही एकदम करायचं ठरलं. हेल्पलाइन न्यायालय नाही. ती तक्रार कंपनीकडे पोचवते आणि उत्तराचा पाठपुरावा करते, कंपनीवर हुकूम चालवू शकत नाही. पण तिथली तक्रार दुकानाच्या काउंटरवर जात नाही, कंपनीच्या वरच्या कार्यालयात जाते. आम्हाला तेवढंच हवं होतं.

काय केलं

शनिवारी, १९ एप्रिलला हेल्पलाइनवर नोंद झाली, क्रमांक मिळाला. त्याच दिवशी नोटीस लिहिली. मुद्दे मुद्दाम कमी ठेवले.

नोटिशीचा कणा कायद्यातल्या ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या व्याख्येत होता. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदतच नसेल तर तीस दिवसांत नकार देणं, हे २०१९च्या कायद्याने त्या व्याख्येत घातलं आहे. बिलाच्या मागे बारीक अक्षरांत एवढंच होतं: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ही मुदत नव्हे, ही पाटी झाली. सात दिवसांचा उल्लेख बिलावर कुठेच नव्हता, तो फक्त मॅनेजरच्या तोंडात होता. म्हणून आम्ही तीस दिवस धरले. बिलापासून मोजले तरी २९ एप्रिलपर्यंत वेळ होता.

‘बिल ज्यांच्या नावावर’ या आडकाठीलाही उत्तर होतं. खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा माणूसही कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच आहे. तरी मुलाकडून दोन ओळींचं संमतिपत्र घेतलं. वाद टाळायला दोन ओळी स्वस्त पडतात.

गुरुजी नोटीस घेऊन दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने कागद घेतला, पण पोच द्यायला नकार दिला. मग तोच कागद रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने गेला. इथे चूक आमची झाली. पत्ता आम्ही शाखेचा घातला. बिलाच्या तळाशी नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता छापलेला होता आणि तो आमच्यापैकी एकानेही वाचला नाही. तीन दिवस शांतता. २२ तारखेला माझ्या सहकारी ताईंच्या लक्षात आलं, नोटीस मुख्य कार्यालयाला ईमेल केली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाला फोन आला. पहिल्यांदाच दुकानाने फोन केला होता.

गुरुवारी, २४ एप्रिलला पार्ट घेऊन तंत्रज्ञ आला. पार्ट दुसऱ्याच मॉडेलचा निघाला. आमच्या दृष्टीने याहून चांगलं काही घडू शकत नव्हतं. गुरुजींनी आदल्या रात्री खालच्या कप्प्यात पाण्याचा पेला आणि त्यात थर्मामीटर ठेवला होता. तंत्रज्ञासमोर आकडा वाचला, १६ अंश. “हेच जॉबशीटवर लिहा,” गुरुजी म्हणाले. तो कुरकुरला, पण त्याने लिहिलं: खालचा कप्पा १६ अंश, झडप निकामी, पार्ट जुळत नाही. कोड मागितला तेव्हा गुरुजींनी हात जोडले. “बाळा, मी हॅपी नाही.”

कंपनीने लेटर दिलं नाही, पण हा कागद त्याच तोडीचा होता.

‘मार्च एंड’

२६ तारखेला मॅनेजरने नवीन कारण काढलं. बिल ३० मार्चचं, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षातलं. मार्च एंड झाला, जीएसटी भरला, आता क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा केल्याचा कागद, निघत नाही, म्हणून माल सिस्टीममध्ये परत घेता येत नाही.

काउंटरवर असं काही ऐकलं की सामान्य माणूस गप्प होतो. जीएसटीपुढे आपण कोण! गुरुजीही गप्प बसले आणि संध्याकाळी केंद्रात येऊन म्हणाले, “आता काय, कायदाच आडवा आला.” आमच्यातल्या एका निवृत्त लेखापालांनी हसून चष्मा काढला. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच्या विवरणात दाखवता येते. म्हणजे दुकानाकडे अजून सात महिने होते. मॅनेजर खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. त्यालाही वरून कुणीतरी तसंच सांगितलं असावं. हे एका ओळीत ईमेलने मुख्य कार्यालयाला कळवलं. मार्च एंडचा विषय पुन्हा निघाला नाही.

बदली की पैसे परत

सोमवारी, २८ एप्रिलला दोन प्रस्ताव आले. कंपनी तेच मॉडेल बदलून देणार, पण मंजुरी आणि माल यायला आठवडा. दुकान आजच्या आज दुसरं मॉडेल देणार, वर ३,२०० रुपये भरा.

मुलाला पैसे परत हवे होते. त्याचा या दुकानावरचा विश्वास उडाला होता, आणि नोटिशीतही आम्ही तेच मागितलं होतं. हिशेब मांडला तेव्हा अडचण दिसली. ‘नो कॉस्ट’ हप्त्यात व्याज नसतं असं नाही. दुकान तेवढी सूट आधी देतं आणि बँक व्याज लावते, त्या व्याजावर जीएसटीही. दुकानाने बिलाची रक्कम परत केली तरी बँकेची प्रक्रिया फी आणि तोवरचं व्याज सुटत नव्हतं. वाढीव वॉरंटीचे पैसे वेगळे. जुना फ्रिज तर भंगारात गेलेला. आणि एवढं करून नवा फ्रिज पुन्हा कुठूनतरी घ्यायचाच होता.

निर्णय शेवटी काकूंनी केला. तोपर्यंत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, “तेच मॉडेल येऊ द्या. एक रुपया वर द्यायचा नाही. आखाजीला मी बर्फाची लादी आणीन.”

तसंच झालं. कंपनीचा होकार ईमेलवर घेतला, तारखेसह. आखाजीचा आमरस थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर ठेवलेला होता आणि नातवंडांना तो खोकाच जास्त आवडला.

निकाल

सोमवारी, ५ मेला नवा फ्रिज आला. या वेळी गुरुजींनी टेम्पोवाल्याला थांबवलं: आधी हा चालू करतो, उद्या जुना न्या. तो ऐकेना. तेव्हा मुलाने पुण्याहून दुकानात फोन करून एक दिवस मागून घेतला. रात्रभरात थर्मामीटर ५ अंशांवर आला.

सही मागितलेल्या कागदावर छापलेलं होतं, ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही.’ गुरुजींनी त्याखाली सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, ‘बदली फ्रिज मिळाला. झालेल्या नुकसानीबाबतचा हक्क राखून.’ माणूस म्हणाला, असं चालत नाही. गुरुजी म्हणाले, मग फ्रिज घेऊन जा. चाललं.

इन्सुलिनची दोन कार्ट्रिज, दूध, बर्फ, रिक्षाचे फेरे यांचं काहीच मिळालं नाही. त्यासाठी आयोगात जायचं का, हे मुलाने ठरवायचं आहे, मुदत २०२७पर्यंत आहे. काकू म्हणतात, जाऊ दे.

एक शेपूट राहिलं. वाढीव वॉरंटीच्या कागदावर परत गेलेल्या फ्रिजचा सिरियल नंबर होता. म्हणजे दोन वर्षांनी नवा फ्रिज बिघडला असता तर वॉरंटी अस्तित्वात नसलेल्या फ्रिजची निघाली असती. हे मे अखेरीस, दुसऱ्याच एका प्रकरणात तसं घडलेलं पाहून आमच्या लक्षात आलं. नंबर बदलून घ्यायला आणखी चार ईमेल आणि जूनचे दोन आठवडे गेले.

वेगळं काय करता आलं असतं

कोडचं वर आलंच. त्याच्या मागचं कारण साधं होतं. फ्रिज जिथे आहे तिथल्या माणसाचा नंबर नोंदवायला हवा होता. परगावी राहणारी मुलं आईवडिलांसाठी वस्तू घेताना हौसेने आपला नंबर देतात, म्हातारपणी त्यांना त्रास नको म्हणून. त्रास तिथूनच सुरू होतो.

जुना फ्रिज दोन दिवस थांबवता आला असता का? दुकानं सहसा मानत नाहीत, एक्स्चेंजचा टेम्पो एकच फेरी करतो. पण पाडव्याच्या दिवशी, विक्री व्हायच्या आधी विचारलं असतं तर बहुधा मानलं असतं. ग्राहकाचं वजन बिल फाडेपर्यंतच असतं.

४ एप्रिलला दुकानाला फोन झाला, ८ला भेट झाली, आणि लेखी एक ओळही नव्हती. त्याच दिवशी दोन वाक्यांचा ईमेल गेला असता तर ‘सात दिवस संपले’ हे म्हणताच आलं नसतं. पण मला वाटतं हे आपण नंतर सहज बोलतो. घरात दूध फाटलंय, बाई शेजारी पळतेय, अशा वेळी माणूस फोनच उचलतो.

आमच्याकडून नोंदणीकृत पत्त्याची चूक झाली. आणखी एक झाली, ती मला जास्त लागते. पहिल्या संध्याकाळी आम्ही गुरुजींना बिल, वॉरंटी, हप्ते, तारखा, सगळं विचारलं. इन्सुलिनची गोष्ट दुसऱ्या भेटीत कळली, तीही त्यांनी घड्याळ पाहून “हिचं औषध शेजाऱ्यांकडून आणायचंय” असं म्हटलं म्हणून. नोटिशीत ती नव्हती. २२ तारखेच्या ईमेलमध्ये पहिल्याच ओळीत घातली. दुसऱ्या दिवशी फोन आला तो मुख्य कार्यालयाच्या पत्त्यामुळे की त्या ओळीमुळे, यावर आमच्यात अजून वाद आहे.